पुढची चाकं कुणाच्या भरवशावर?

गेल्या उन्हाळ्यात डेन्व्हरला भाच्याकडे होतो. त्याच्याकडे १९८९ची जीप चेरोकी आहे. चौकोनी बांध्याची, सहा सिलिंडरच्या चार लिटर पेट्रोल इंजिनाची, वयाने त्याच्याहून मोठी. लेडव्हिलच्या वरच्या डोंगरात एका कच्च्या चढावर त्याने लिव्हर फोर-हायला, म्हणजे चारही चाकांच्या ओढीला, टाकला. डॅशबोर्डवरचा छोटा दिवा लागला नाही. मागची चाकं खडी उडवत जागच्या जागी फिरत राहिली, पुढची दोन्ही ढिम्म. तो म्हणाला, "मामा, लिव्हर तर बसलाय. मग पुढची चाकं ओढत का नाहीत?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या गाडीचा नाही. १९८०च्या दशकापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकी, जपानी आणि कोरियन कारखान्यांतून लाखो गाड्या अशा बाहेर पडल्या, की ज्यांत पुढची चाकं जोडण्याचं अखेरचं काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवर सोडलेलं होतं. त्यांतल्या बऱ्याच गाड्या अजून चालतात, आणि त्यांचे मालक कधी ना कधी या व्यवस्थेत हात घालतात. कोणी तिथे केबल ओढतो, कोणी विजेची मोटर लावतो, कोणी सगळंच काढून टाकून पुढचा ॲक्सल कायमचा जोडून टाकतो. यातला प्रत्येक उपाय कुठेतरी बरोबर आहे आणि कुठेतरी घातक. गाडीच्या खाली शिरायच्या आधी हे माहीत असलेलं बरं, म्हणून हा आढावा.

मुळात पुढची चाकं तोडायची कशाला? फोर-बाय-फोर गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर दोन चाकांच्या ओढीवर चालते. तेव्हा इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्स्फर केस पुढच्या प्रोपेलर शाफ्टला ताकद देत नाही हे खरं, पण पुढची चाकं रस्त्यावर फिरतातच, आणि ती ॲक्सल, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट या सगळ्यांना उलट्या बाजूने फिरवत राहतात. पेट्रोल जातं, आवाज येतो, जॉइंट झिजतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या विलीस जीप अमेरिकेत शेतावर आणि रस्त्यावर आल्या तेव्हा ही अडचण लगेच पुढे आली. १९४८मध्ये वॉर्न कंपनीने तिच्यावर लॉकिंग हब काढले. चाकाच्या मध्यावरची चकती हाताने फिरवली की चाक ॲक्सलपासून सुटं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७मध्ये, महिंद्रांनी मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली होती. असे हब बसवलेली जुनी जीप ज्यांनी सह्याद्रीच्या घाटवाटांवर चालवली आहे त्यांना त्यातला एकच त्रास आठवेल: गाडी रुतल्यावर खाली उतरायचं, चिखलात वाकायचं आणि हब फिरवायचा. पण तो फिरला आहे की नाही हे डोळ्यांना दिसायचं. ही गोष्ट मी पुढे पुन्हा काढणार आहे.

१९७३च्या तेलटंचाईनंतर आणि १९७५च्या अमेरिकी इंधन-कायद्यानंतर प्रत्येक थेंबाचा हिशेब सुरू झाला. त्याच सुमारास फोर-बाय-फोर गाडी शेतावरून शहरातल्या घरांत आली. चिखलात वाकायला तयार नसलेलं गिऱ्हाईक आलं, चालत्या गाडीत फोर-व्हील लागावं ही मागणी आली. १९८३च्या शेवरले एस-१० ब्लेझरमध्ये आणि १९८४ मॉडेलच्या जीप चेरोकीमध्ये पुढचा ॲक्सल व्हॅक्यूमने जोडण्याची व्यवस्था दिसते. १९८७च्या जीप रँग्लरमध्ये तीच आली. टोयोटाने आपल्या पिकअपमध्ये, मित्सुबिशीने पजेरोमध्ये, डॉजने रॅम ट्रकमध्ये आपापल्या परीने तेच केलं. काही वर्षांनी फोर्डने आणि सुझुकीने व्हॅक्यूम थेट चाकाच्या हबपर्यंत नेला.

व्हॅक्यूमच का, हेही नीट समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल इंजिन थ्रॉटल मिटलेला असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवा ओढत असतं, म्हणून तिथे बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. ही ताकद फुकटची. ब्रेकचा बूस्टर तिच्यावर चालतो, एसीच्या हवेच्या झडपा तिच्यावर चालायच्या, त्याही आधी वायपर तिच्यावर चालायचे. एक रबरी डायफ्रॅम, दोन नळ्या आणि एक व्हॉल्व्ह एवढ्यावर काम भागतं. वायर नको, मोटर नको, आणि १९८०च्या दशकात गाडीखालच्या पाण्या-मिठात विजेपेक्षा हे जास्त भरवशाचं वाटणं साहजिक होतं.

आता चेरोकीच्या पुढच्या ॲक्सलमध्ये जवळून डोकावू, कारण सगळ्या बदलांचं गणित तिथेच आहे. या डाना ३० ॲक्सलमध्ये डिफरन्शियल डाव्या बाजूला सरकलेलं आहे. डावा शाफ्ट आखूड, एकसंध. उजवा लांब, आणि तो मधोमध दोन तुकड्यांत तोडलेला. एक आतला तुकडा डिफरन्शियलपासून निघतो, दुसरा बाहेरचा चाकापर्यंत जातो. दोघांच्या टोकांना सारखे दाते, आणि त्या दात्यांवर सरकणारी एक कॉलर. कॉलर आतल्या तुकड्यावरच राहिली तर चाक सुटं, दोन्ही तुकड्यांवर पसरली तर शाफ्ट अखंड. कॉलरला एक फोर्क सरकवतो, आणि फोर्कला ॲक्सलवर बसवलेली डबी सरकवते. त्या डबीत डायफ्रॅम. ट्रान्स्फर केसवर एक व्हॅक्यूम स्विच असतो. लिव्हर टू-हायला असेल तर तो डायफ्रॅमच्या एका बाजूला व्हॅक्यूम देतो, फोर-हायला असेल तर दुसऱ्या बाजूला. फोर्क पुरता सरकला की तीच डबी डॅशबोर्डच्या दिव्याकडे व्हॅक्यूम पाठवते. म्हणजे भाच्याच्या गाडीतला न लागलेला दिवा खरं सांगत होता. लिव्हर बसला होता, ट्रान्स्फर केस जोडली गेली होती, पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरत होता. आतला तुकडाही फिरत होता, पण त्याच्या पुढे काही जोडलेलंच नव्हतं. डिफरन्शियलचा स्वभाव असा, की एका बाजूला अडवणारं कोणी नसेल तर सगळी फिरकी तिकडेच निघून जाते. म्हणून तोडलेलं एक चाक दोन्ही चाकांची ओढ घालवतं.

टू-हायमध्ये गाडी रस्त्यावर धावत असताना आत काय चालतं ते तर फारच सुंदर आहे. डावं चाक डाव्या शाफ्टला फिरवतं. मोठा क्राउन गिअर आणि प्रोपेलर शाफ्ट स्थिर राहतात. मग डिफरन्शियलच्या छोट्या गिअरांमधून उजवीकडचा आतला तुकडा तेवढ्याच वेगाने उलटा फिरतो. बाहेरचा तुकडा चाकाबरोबर सुलटा. दोन तुकड्यांची टोकं समोरासमोर, पण एक इकडे, एक तिकडे. अशा स्थितीत कॉलर सरकवायचा प्रयत्न केला तर दात्यांची खरड होणार हे उघड आहे. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी ट्रान्स्फर केस. तिच्यातला सिंक्रोनायझर पुढच्या प्रोपेलर शाफ्टला मागच्याच्या वेगावर आणतो, डिफरन्शियल गाडीच्या वेगाने फिरू लागतं, आणि आतला तुकडा उलटा फिरायचा थांबून बाहेरच्याच्या जोडीने धावू लागतो. आता कॉलर अलगद बसते. दाते नेमके समोर नसतील तर डायफ्रॅम रेटा धरून थांबतो आणि जमेल त्या क्षणी कॉलर आत ढकलतो. व्हॅक्यूमचा हा गुण त्याच्या दोषांच्या गर्दीत विसरला जातो. तो न सांगता क्रम पाळतो, आणि त्याला धीर आहे.

दोष मात्र खरेच आहेत, आणि पहिला थेट हवेच्या दाबाचा. व्हॅक्यूम म्हणजे ओढ असं आपण म्हणतो, पण काम करतो तो बाहेरचा वातावरणाचा दाब. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल. इंजिन मंद चालत असताना मॅनिफोल्डमध्ये आणि बाहेर साधारण ६० किलोपास्कलचा फरक मिळतो. समजा डायफ्रॅमचा व्यास साडेसात सेंटिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ होतं ४४ चौरस सेंटिमीटर, आणि त्यावर ताकद येते सुमारे २७ किलोंची. फोर्क सरकवायला भरपूर. आता लेडव्हिलला चला. हे गाव समुद्रसपाटीपासून ३,०९४ मीटरवर आहे. तिथे वातावरणाचा दाबच ७० किलोपास्कलच्या आसपास, म्हणून मिळणारा फरक जवळजवळ अर्ध्यावर येतो आणि सत्तावीसचे पंधरा किलो होतात. त्यात चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलेला. थ्रॉटल उघडा म्हणजे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळपास शून्य. जुन्या गाड्यांचे वायपर घाट चढताना मंदावायचे ते याच कारणाने. फोर-व्हीलची गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथेच ही ताकद सगळ्यात कमी. यावरचा इलाज म्हणून नळीत एकेरी व्हॉल्व्ह आणि एक छोटी टाकी असते, म्हणजे मंद इंजिनावर साठवलेला व्हॅक्यूम चढावर कामी यावा. त्या टाकीला तडा गेला किंवा व्हॉल्व्ह उलटा बसवला गेला, की गाडी अंगणात उत्तम चालते आणि डोंगरात दगा देते. आपल्याकडून लेह-लडाखला अशा जुन्या गाड्या घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. डिझेल गाडीला थ्रॉटल नसतो, तिला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि चढावर तो कमी पडत नाही. पण वातावरणाचाच दाब कमी झाला तर तोही काही नवा दाब निर्माण करू शकत नाही.

दुसरा दोष वयाचा. नळ्या कडक प्लास्टिकच्या, त्यांच्या टोकांना रबरी कोपरे. सायलेन्सरची उष्णता आणि रस्त्यावरचे दगड यांच्यामधून त्या जातात. वीस-तीस वर्षांनी रबर हाताने दाबलं तरी तुटतं. एस-१० ब्लेझरची तऱ्हा याहून वेगळी. तिचा डायफ्रॅम ॲक्सलवर नाही. तो इंजिनाच्या कप्प्यात, बॅटरीच्या ट्रेखाली बसवलेला, आणि तिथून एक केबल ॲक्सलपर्यंत जाते. बॅटरीचं ॲसिड थेंबथेंब गळून डबी कुजते. तिच्या ट्रान्स्फर केसवरचा स्विच जुना झाला की आतलं तांबडं तेल नळीत ओढलं जातं आणि थेट डॅशबोर्डमागच्या एसीच्या कंट्रोलपर्यंत पोचतं. फोर-व्हील लागत नाही आणि एसीची हवा समोरून न येता काचेकडे जाते, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की जाणता मेकॅनिक नळीच्या टोकाला बोट लावून पाहतो. बोट तांबडं झालं तर नुसती नळी बदलून भागणार नाही, स्विच बदलायला हवा.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, व्हॅक्यूम काढून टाका. मला ते घाईचं वाटतं. या विषयातला खरा प्रश्न व्हॅक्यूम चांगला की वाईट हा नाहीच. व्हॅक्यूम गेला तर ॲक्सल कोणत्या बाजूला कोसळतो, आणि ते चालवणाऱ्याला कळतं का, हा आहे. चेरोकीत व्हॅक्यूम गेला की फोर्क जिथे आहे तिथेच राहतो. डांबरी रस्त्यावर तो तुटलेल्या बाजूला असतो, म्हणून गरजेच्या वेळी चाकं मिळत नाहीत. फोर्डने २००४च्या एफ-१५० ट्रकपासून नेमकं उलटं केलं. तिथे हबला जोडणारी ताकद स्प्रिंगची आहे आणि व्हॅक्यूमचं काम हब सुटा ठेवणं एवढंच. व्हॅक्यूम गेला तर चाक आपोआप जोडलं जातं. विचार उत्तम. पण नळी पुरती फुटली नाही, नुसती गळत असली, तर हब अर्धवट जोडला जातो. लांब चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना पुढच्या चाकातून दात खाल्ल्यासारखा करकर आवाज येतो. तो दाते झिजत असल्याचा आवाज आहे आणि तो ऐकूनही गाडी चालवत राहिलं की हबचा खर्च पदरी पडतो. पुरता तुटलेला ॲक्सल निदान प्रामाणिक असतो. अर्धा जोडलेला ॲक्सल सगळ्यात वाईट. बदल करताना हीच कसोटी मी प्रत्येक उपायाला लावतो.

फोर्डच्याच सुपर ड्यूटी ट्रकमध्ये मला आवडलेली एक तरतूद आहे. हब व्हॅक्यूमचे, पण चाकाच्या मध्यावर हाताने फिरवायची चकतीही ठेवलेली, एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला लॉक. व्हॅक्यूम रुसला तर उतरा, फिरवा, निघा. चिखलात वाकण्याचा तो जुना त्रास इथे जोडधंदा म्हणून का होईना शिल्लक आहे, आणि डोळ्यांना दिसण्याची सोयही.

आता उपायांकडे. सगळ्यात साधा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा उपाय म्हणजे मूळ व्यवस्था नीट करणं. सगळ्या नळ्या नव्या, चांगल्या प्रतीच्या रबराच्या. एकेरी व्हॉल्व्ह नवा. टाकी तपासून बदललेली. गरज असेल तर डायफ्रॅमची डबी आणि ट्रान्स्फर केसवरचा स्विच नवा. काटा असलेल्या व्हॅक्यूमच्या हातपंपाने एकेक भाग वेगळा तपासता येतो: डबीच्या एका तोटीला पंप लावा, काटा वर न्या आणि मिनिटभर पाहा. काटा जागेवर राहिला तर डायफ्रॅम शाबूत. इथे एक धोक्याची सूचना कळकळीने द्यायची आहे. व्हॅक्यूमचा नवा फाटा काढताना कित्येक जण ब्रेक बूस्टरची जाड नळी कापून तिथे टी बसवतात, कारण ती सहज हाताला येते. असं कधीही करू नये. पुढच्या ॲक्सलची नळी एखाद्या दगडाने तुटली, तर उतारावर त्या एका फाट्यातून ब्रेकची मदतही निघून जाईल. फाटा मॅनिफोल्डवरूनच, आणि त्याचा एकेरी व्हॉल्व्ह स्वतंत्र.

दुसरा उपाय केबलचा. डायफ्रॅमची डबी काढायची, तिच्या जागी झाकण बसवायचं आणि फोर्कला केबल जोडून ती चालकाच्या हाताशी आणायची. पॉझी-लॉक या नावाने अशा तयार केबली कित्येक वर्षं मिळतात, आणि घरी बनवणारेही आहेत. व्हॅक्यूमची सगळी साखळी एका फटक्यात जाते. उंची, थ्रॉटल, तडकलेली नळी, कशाचाच संबंध राहत नाही. पण वर सांगितलेला क्रम आता चालकाला पाळावा लागतो. आधी लिव्हर, मग केबल. चालत्या गाडीत आधी केबल ओढली तर उलट्या-सुलट्या फिरणाऱ्या तुकड्यांवर कॉलर रेटली जाते. गाडी थांबलेली असेल आणि दाते समोर नसतील तर केबल अर्ध्यात अडकते, तेव्हा जोर लावायचा नाही. गाडी हातभर पुढे-मागे घ्यायची, हाताला कॉलर बसल्याचा टक् जाणवतो. सोडतानाही तसंच, आधी लिव्हर टू-हायला आणि मग केबल. जिच्या स्टिअरिंगवर घरातले तीन-चार जण बसतात त्या गाडीत केबल लावू नये असं माझं मत आहे. एक जण क्रम विसरतोच.

केबलने मिळणारा एक फायदा मात्र मूळ गाडीत नव्हता. ट्रान्स्फर केस फोर-लोला आणि पुढचा ॲक्सल तोडलेला, म्हणजे मागच्या दोन चाकांवर लो गिअर. अरुंद वळणावर, कोरड्या दगडावर, ट्रेलर मागे घेताना पुढची चाकं जोडलेली असली की स्टिअरिंग जड होतं आणि ॲक्सल ताणला जातो. तिथे हे वरदान आहे. पण लो गिअरचा सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो हे विसरून कोणी त्याच अवस्थेत चढावर झटके दिले, तर मागचा शाफ्ट तुटण्याची तयारी ठेवावी. आणि ज्याने पुढच्या डिफरन्शियलमध्ये लॉकर बसवला आहे त्याला हा फायदा मिळतच नाही. लॉकर आतल्या तुकड्याला डाव्या शाफ्टशी बांधून टाकतो, मग उजवीकडे तोडलं तरी डावं चाक ओढत राहतं आणि स्टिअरिंग एका अंगाला खेचतं. तोडणीची ही सगळी रचना उघड्या डिफरन्शियलवर उभी आहे. लॉकर बसवताना हे सांगणारा मला क्वचितच भेटला.

विजेच्या मोटरने फोर्क हलवणारेही आहेत. मोटर कधी थांबवायची ते सांगणारे स्विच आणि पाण्यापासून बचाव, एवढं नीट जमलं तर ठीक. मला घरगुती कामात ते फारसं जमलेलं दिसलं नाही.

तिसरा मार्ग ॲक्सल कायमचा जोडण्याचा. त्यातला कच्चा प्रकार म्हणजे फोर्क जोडलेल्या बाजूला सरकवून आत पट्टी किंवा क्लिप अडकवायची. रानात अडकलेल्या गाडीला घरी आणण्यासाठी हा प्रकार प्रत्येकाला यायलाच हवा, पण तो कायम ठेवू नये. फोर्क आणि कॉलर सतत एकमेकांवर घासत राहतात, पट्टी हलली की अर्धी जोडणी होते, आणि अर्धी जोडणी म्हणजे काय ते वर आलंच आहे. पक्का प्रकार म्हणजे दोन तुकड्यांचा उजवा शाफ्ट काढून एकसंध शाफ्ट घालणं. चेरोकीवाल्यांचं नशीब असं, की १९९०च्या दशकात जीपनेच चेरोकीतली ही तोडणी काढून टाकली आणि पुढच्या गाड्यांना एकसंध शाफ्ट दिला. तो जुन्या हाउसिंगमध्ये बसतो, भंगारात स्वस्त मिळतो, आणि त्यातही उशिराच्या वर्षांचा घेतला तर जॉइंटातला क्रॉसही मोठा मिळतो. डबीच्या जागेवर झाकण बसवायचं आणि तेलाचा सील नीट जागेवर बसवायचा. या सीलकडे दुर्लक्ष केलं की महिनाभरात चाकाकडून तेल गळू लागतं आणि मग एकसंध शाफ्टलाच नावं ठेवली जातात.

याची किंमत आहे. आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट सदासर्वकाळ फिरणार. आजवर तो हायवेवर स्थिर असायचा, म्हणून त्याच्या जॉइंटांची झीज कोणाला कळत नव्हती. एकसंध शाफ्ट घातल्यावर ताशी ऐंशी-नव्वदला जो थरथराट येतो तो बहुतेकदा नव्या कामाचा दोष नसतो, जुन्या जॉइंटचा असतो. ट्रान्स्फर केसच्या बाजूचा दुहेरी क्रॉस आधी तपासावा, मगच शाफ्ट बदलायला घ्यावा. पेट्रोलही थोडं जास्त लागतं. पण गाडी कोणत्या बाजूला कोसळते या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर इथेच मिळतं, कारण कोसळायला काही उरतच नाही.

सुझुकीच्या तिसऱ्या पिढीच्या जिम्नीचं दुखणं निराळं, कारण तिचा व्हॅक्यूम चाकाच्या हबपर्यंत जातो. सील खराब झाला की तोच व्हॅक्यूम चिखलाचं पाणी आत ओढतो, म्हणजे जोडणी तर होतच नाही, वर बेअरिंगचं ग्रीसही खराब होतं. तिथे व्हॅक्यूम पूर्ण बंद करून हाताने फिरवायचे हब लावणारे पुष्कळ आहेत, आणि मला ते पटतं. नळ्यांची तोंडं मात्र घट्ट बंद करावीत, उघडी सोडू नयेत. पजेरोत फ्री-व्हीलची जोडणी दोन सोलेनॉइड व्हॉल्व्हवर चालते आणि ती अडली की डॅशबोर्डचा दिवा लुकलुकत राहतो. तिथे आधी त्या दोन व्हॉल्व्हच्या नळ्या अदलाबदल होऊन बसल्या नाहीत ना हे पाहावं. फोर्ड एफ-१५०मध्ये व्हॅक्यूम काढून हब कायम स्प्रिंगवर जोडलेले ठेवणारे आहेत. हा चेरोकीच्या एकसंध शाफ्टचाच भाऊ, फायदे-तोटेही तेच.

आपल्याकडे असं काही करताना कायद्याची बाजूही पाहायला हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं आहे. नळ्या आणि डायफ्रॅम बदलणं ही दुरुस्ती झाली. ॲक्सलचं काम करायचं तर आधी आरटीओत विचारून घ्यावं.

तोडणीची कल्पना मेली असं मात्र कोणी समजू नये. २०१८च्या रँग्लरमध्ये पुढचा ॲक्सल पुन्हा तुटतो-जुळतो, फक्त आता विजेच्या मोटरने. पुण्याजवळच्या रांजणगावला तयार होणाऱ्या जीप कंपासच्या फोर-बाय-फोर प्रकारात तर मागचा ॲक्सल गरज नसताना सुटा होतो, आणि तो कधी जोडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवण्याचं कारण पन्नास वर्षांपूर्वी होतं तेच. सोडून दिला गेला तो व्हॅक्यूम. त्याच्या जागी आता सेन्सर आहेत आणि त्यांचं वयही एक दिवस वीस-तीस वर्षांचं होणार आहे.

भाच्याने केबलचा संच आधीच मागवून ठेवला होता. खोका न फोडताच आम्ही गाडीचं पुढचं तोंड स्टँडवर घेतलं, मागच्या चाकांना दगड लावले आणि हातपंप डबीला लावला. काटा वर गेला आणि तिथेच राहिला. डायफ्रॅम शाबूत होता. ट्रान्स्फर केसकडून येणाऱ्या नळीवर मात्र इंजिन चालू असूनही काटा हलेना. टॉर्च धरून नळी चाचपत गेलो. सायलेन्सरच्या वरच्या बाजूला, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथला रबरी कोपरा लांबीने उकलला होता. वरून पाहिलं तर धडधाकट, बोटाने दाबला तर माशाच्या तोंडासारखा उघडणारा. चार-पाच डॉलरची नळी, एक एकेरी व्हॉल्व्ह आणि तासभर. एकसंध शाफ्ट त्याने हिवाळ्यात घालायचं ठरवलं आहे, तेव्हा ॲक्सलचे सील तसेही बदलायचे आहेत. तोवर केबलचा खोका कपाटात.

काम झाल्यावर त्याने इंजिन चालू केलं आणि लिव्हर फोर-हायला टाकला. दिवा लागला. पण दिव्यावर विसंबायचं नाही हे त्याला शिकवायचं होतं, म्हणून इंजिन बंद करायला लावलं आणि पुढच्या चाकाशी बसलो. मागची चाकं जमिनीवर, ट्रान्स्फर केस जोडलेली, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जखडलेला. अशा वेळी उजवं चाक हाताने फिरवायचं. कॉलर बसली नसेल तर ते एकटंच सैल फिरतं. मी उजवं चाक दोन्ही हातांनी पुढे ढकललं.

पलीकडून भाचा ओरडला, "मामा, डावं उलटं फिरतंय!"